साडेतीनशे घोड्यांच्या पुढे नाही

मी एक जुना इंजेक्टर आहे, मित्रांनो. नाव ऐकून लगेच बाही सावरू नका; दवाखान्यातल्या सुईशी माझं काही नातं नाही. मी बोटभर लांबीचा, पोटात तारेचं वेटोळं आणि टोकाला बारीक भोक असलेला, गाडीच्या इंजिनात पेट्रोल फवारणारा एक जिन्नस आहे. सध्या माझा मुक्काम धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुम गावात, मुनवरभाईंच्या पंप-नोझलच्या दुकानात आहे. इथं मला फार मान आहे. तो कसा मिळाला हे सांगायला बसलोय, आणि मी सांगायला बसलो की मध्येच कुणी उठलेलं मला खपत नाही.

माझा जन्म जपानमधला. आम्ही चार भाऊ एकाच इंजिनावर बसलो. दोन धाकटे, बारीक भोकाचे. इंजिन सुरू झालं की त्यांचं काम सुरू. आम्ही दोघं थोरले, मोठ्या भोकाचे. चालकानं पाय दाबला आणि खरा जोर लागला, की मग आम्ही उठायचो. एरवी निवांत. धाकट्यांना याचा राग यायचा, पण घरात थोरल्यांचं असंच असतं.

आमचं इंजिन जरा चक्रम होतं. तुमच्या ट्रॅक्टरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. आमच्यात पिस्टनच नाही. तिथं एक तिकोनी लोखंडी ठोकळा गोल गोल फिरतो, त्याला रोटर म्हणतात. आमच्याकडं असे दोन रोटर होते. प्रत्येकाच्या तिन्ही कोपऱ्यांना धातूची एकेक बारीक पट्टी. ती भिंतीला घासत फिरते आणि एका बाजूचा जाळ दुसऱ्या बाजूला जाऊ देत नाही. ही पट्टी मोडली की इंजिन संपलं. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

शिवाय या इंजिनाला टर्बो होता. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून आत कोंबतो. हवा जास्त आली, तर पेट्रोलही त्या मापानं जास्त लागतं, आणि ते पुरवणं आमच्याकडं. मी तसा एक दारच आहे. वीज आली की दार उघडतं, गेली की मिटतं. जास्त पेट्रोल हवं असेल तर दार जास्त वेळ उघडं ठेवायचं. पण इंजिन जोरात फिरू लागलं की एका फेरीला मुळात वेळच थोडा मिळतो. एक घटका अशी येते, की दार मिटायला सवडच उरत नाही. ते सताड उघडं राहतं. उघड्या दाराला आणखी कसं उघडणार? तिथं माझी हद्द संपते. कारखान्यात आम्हांला घडवणाऱ्यांना ही हद्द माहीत होती, म्हणून त्यांनी टर्बोची हवाही बेतानं ठेवली होती.

त्या गाडीत आम्ही इमानानं राबलो. मालक आम्हांला जपायचा, आणि त्याचं कौतुक ऐकून आम्हीही फुगून जायचो. मग गाडी जुनी झाली, मालकानं नवी घेतली, आणि आमचं इंजिन कापून काढून जहाजात भरलं. मुंबईच्या भंगार बाजारात आम्ही ताडपत्रीखाली पडून राहिलो. पोटातलं पेट्रोल सुकलं, त्याचा डिंकासारखा चिकट थर झाला आणि माझं दार मिटल्या जागी चिकटून बसलं. कुणी येतं, इंजिन हलवून बघतं, नाक मुरडतं आणि जातं. मला फार वाईट वाटायचं. काम करून दमणं परवडतं, पण पडून पडून बिघडणं नको.

तिथून आम्हांला उचललं रणधीरनं. हा बेंबळी गावचा, घरची मोठी शेती, आणि गाड्यांचा असा नाद की जेवताना ताटाशेजारी पाना ठेवील. त्यानं आमचं इंजिन एका जुन्या उघड्या जीपमध्ये बसवलं. धाराशिवजवळ एका कॉलेजच्या माळावर सरळ धावेची शर्यत भरणार होती, तिच्यात त्याला उतरायचं होतं. आता आमच्याकडं जसं असतं, काम व्हायच्या आधी फ्लेक्स लागतो. बेंबळीच्या चौकात रणधीरचा काळ्या चष्म्यातला फोटो झळकला आणि खाली जीपचं चित्र, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘साडेचारशे घोडे’. घोडे म्हणजे इंजिनाची ताकद. खरे किती, ते अजून कुणी मोजलंच नव्हतं. इंजिन तर धड सुरूही होत नव्हतं. खोकायचं आणि बंद पडायचं.

कुणीतरी रणधीरला सांगितलं, मुरुमला मुनवरभाईंच्या मुलीकडं इंजेक्टर तपासायची मशीन आहे. म्हणून जीप ट्रॉलीवर चढवून तो आम्हांला घेऊन इथं आला.

मुनवरभाईंनी उभी हयात डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करण्यात घातली होती. आसपासच्या गावांतला ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागला की त्याचा पंप यांच्याकडं यायचा. पंप मापात बसवला की स्क्रूतून तार ओवून ते तिच्यावर शिशाचं सील दाबायचे आणि सीलवर त्यांचा शिक्का उमटायचा. तो शिक्का बघितला की शेतकरी पुढं काही विचारायचा नाही. पण नव्या ट्रॅक्टरचे पंप वेगळे, ते थेट कंपनीकडं जातात. दुकानातलं काम आटत चाललं होतं. उमरग्याचा एक व्यापारी त्यांची तपासणीची मशीन मागत होता, आणि मुनवरभाईंचं मन जवळजवळ वळलं होतं.

त्यांची मुलगी मिनाज धाराशिवला शिकून परत आली होती. तिला हेच दुकान चालवायचं होतं. तिनं जुन्या मशीनच्या एका बाजूला काचेच्या नळ्या, बॅटरी आणि वायरी जोडून पेट्रोलच्या इंजेक्टरसाठी जागा केली होती. मोटारसायकली, कार, सगळ्यांना आता इंजेक्टर असतात, काम आपणहून येईल, असं ती म्हणायची. मुनवरभाई ऐकून घ्यायचे आणि चहा मागवायचे. घरात त्यांची दखनी चालायची, दुकानात गिऱ्हाइकासमोर मराठी. रणधीरनं आम्हां चौघांना टेबलावर ठेवलं, तेव्हा ते मराठीतच बोलले, म्हणजे रणधीरलाही ऐकू जावं.

“हे एक काम कर. ह्या पोराची गाडी शर्यतीत पळून आपल्या चाकावर घरी गेली, तर मशीन इथंच राहील. दोरीनं ओढत न्यावी लागली, तर उमरग्याचा माणूस मशीन घेऊन जाईल. मंजूर?”

मिनाज म्हणाली, “मंजूर.”

तिनं पहिल्यांदा मला हातात घेतलं. माझ्या तोंडाशी असलेली चिमुकली जाळी गंजानं बुजली होती, ती काढून तिनं नवी घातली. मला औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवलं. मग मशीनवर चढवून वीज सोडली. मी हललो नाही. तिनं पुन्हा धुतलं, पुन्हा वीज सोडली. तरी नाही. दुसरं कुणी असतं तर मला कचऱ्यात टाकून मोकळं झालं असतं. ती मात्र हट्टाला पेटली. धुवायचं, वीज सोडायची, कान लावायचा. शेवटी माझ्या पोटातून ‘टक्’ असा आवाज आला आणि दार उघडलं. मित्रांनो, किती काळानं माझ्या टोकातून स्वच्छ फवारा उडाला! मिनाज हसली नाही, काही नाही. तिनं फक्त नळीतली पातळी बघितली आणि पुढच्या भावाला हात घातला.

चौघांची मापं घेऊन झाल्यावर तिनं रणधीरला बोलावलं. आम्ही चौघं मिळून साडेतीनशे घोड्यांना पुरतो, असं ती म्हणाली. त्यापुढं टर्बोची हवा वाढवली, तर पेट्रोल कमी पडेल, आतला जाळ नको त्या वेळी भडकेल आणि रोटरची पट्टी मोडेल. मोठे इंजेक्टर मागवता येतील, पण ते शर्यतीआधी हातात पडायचे नाहीत.

“ताई, चौकात फ्लेक्स लागलाय,” रणधीर म्हणाला. “साडेचारशे लिवलंय त्यावर. आता माघारी कसं फिरायचं?”

“यांच्यात साडेतीनशेच आहेत. फ्लेक्सला विचारून इंजिन चालत न्हाय.”

रणधीरचं तोंड उतरलं. मला मात्र त्या पोरीचा अभिमान वाटला. आजवर मला कुणी चांगला म्हटलं, कुणी टाकाऊ म्हटलं. मला किती झेपतं हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

आम्ही परत इंजिनावर बसलो. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं, अन् खोकला गायब. दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या बंद सूतगिरणीच्या आतल्या लांब रस्त्यावर चाचणी ठरली. सकाळी मिनाज रबरी कड्या आणायला उमरग्याला गेली आणि नेमकं तेव्हाच घात झाला. रणधीर मुनवरभाईंपाशी येऊन बसला. चाचा, जरा बघा की, काहीतरी करा की, गावात नाक कापलं जाईल, असं त्याचं सुरू. मुनवरभाईंना त्याची दया आली, आणि त्याहून जास्त, आपल्या लेकीचं गिऱ्हाईक नाराज होऊन जाऊ नये असं वाटलं. त्यांनी पेट्रोलला हात लावला नाही. मिनाजनं बसवलेलं सगळं तसंच ठेवलं. फक्त टर्बोची हवा वाढवणारा एक छोटा स्क्रू असतो, तो त्यांनी आत फिरवला.

डिझेलवाल्याच्या हिशेबानं यात काही चूक नव्हती. ट्रॅक्टरला हवा जास्त झाली तर काही बिघडत नाही. उलट धूर स्वच्छ होतो. डिझेल जास्त झालं तरच काळा धूर येतो. त्यांनी इंजिन फिरवून सायलेन्सरमागं हात धरला, धूर नाही हे बघितलं आणि समाधानानं हात पुसले. हवेनं कधी कुणाचं इंजिन मेलं नाही, असं ते रणधीरला म्हणाले. आमचं इंजिन पेट्रोलचं आहे हे त्यांच्या डोक्याला माहीत होतं, पण हाताला डिझेलची सवय होती. मी वरून बघत होतो, पण मला ओरडता येत नव्हतं.

दुपारी सूतगिरणीचा राखणदार कल्याणप्पा यानं रस्त्यावरच्या शेळ्या हाकलल्या आणि हात वर केला. रणधीर गाडी चालवत होता, मिनाज शेजारी इंजिनाचे फेरे मोजणारं मापक घेऊन बसली होती. मुनवरभाई फाटकापाशी उभे होते. रणधीरनं पाय दाबला. आधी धाकटे, मग आम्ही थोरले. मी उघडत होतो, मिटत होतो, छान चाललं होतं. मग हवा आली, आणि येतच राहिली. माझी मिटण्याची सवड कमी कमी होत गेली आणि एका क्षणी दार सताड उघडंच राहिलं. मी होतं नव्हतं ते सगळं देत होतो आणि ते पुरत नव्हतं. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. खालून पत्र्याच्या डब्यात खडे खळखळावेत तसा आवाज आला.

मिनाजनं तो ऐकला. “पाय काढा,” ती म्हणाली. रणधीरनं काढला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर चौक असावा. दुसऱ्यांदा न सांगता तिनं हात लांब केला आणि चावीच फिरवून इंजिन बंद केलं.

जीप आपल्या वेगानं पुढं घरंगळत जाऊन थांबली. पट्टी मोडली असेल तर सगळंच संपलं होतं: रणधीरची शर्यत, मिनाजचं दुकान आणि आमचंही. मिनाजनं ठिणगी पाडणारे प्लग काढून त्यांची जागा मोकळी केली, रणधीरला फक्त स्टार्टर मारायला सांगितला आणि कान खाली नेला. रोटर फिरतो तेव्हा त्याच्या तिन्ही बाजूंचे तीन श्वास सारखे ऐकू यायला हवेत. एक जरी फुसका निघाला, तर पट्टी गेली म्हणायचं. पहिला रोटर फिरला. फस्, फस्, फस्. सारखे. मग दुसरा. मुनवरभाई पळत आले होते, तेही वाकून ऐकू लागले. फस्, फस्, फस्. मिनाजनं पुन्हा एकदा मारायला लावला आणि मगच ती ताठ उभी राहिली.

त्यानंतर तिला स्क्रू दिसला. तिनं रणधीरकडं बघितलं, पण बोलले मुनवरभाई.

“स्क्रू म्या फिरवला, बेटा. हवाच तर होती.”

ती रागावली असावी. पण तिनं वाद घातला नाही. दुकानात आल्यावर, इंजिन थंड होताच तिनं मला काढलं, मशीनवर चढवलं आणि दार किती वेळ उघडं ठेवायचं ते ठरवणारं बटण वडिलांच्या हाती दिलं. त्यांनी थोडं वाढवलं, नळीत पातळी थोडी वर चढली. आणखी वाढवलं, आणखी चढली. मग एका जागी येऊन ती अडली. मुनवरभाईंनी बटण शेवटपर्यंत फिरवलं, मागं आणलं, परत फिरवलं. पातळी तिथंच. मी तर दार उघडून बसलो होतो. माझ्याकडं लपवलेलं काही नव्हतं. त्यांनी वाकून मला निरखलं.

“हे उघडंच हाय की,” ते हळू म्हणाले. “ह्याच्यापाशी अजून काय मागायचं?”

मग ते उठले. त्यांनी स्क्रू पहिल्या जागी आणला, फळीवरून आपली सील दाबायची पक्कड काढली, स्क्रूतून तार ओवली आणि शिशाच्या गोळीवर आपला शिक्का दाबला. मुरुमच्या या दुकानात पेट्रोलच्या इंजिनाला सील लागण्याची ही पहिलीच वेळ होती. रणधीर बघत होता. मुनवरभाई त्याला म्हणाले, “आता ह्याच्यावर माझं नाव हाय. तोडायचं तर तोड. पण मग माझ्या दारात येऊ नको.”

मिनाजनं मला परत इंजिनावर बसवलं आणि रणधीर मान खाली घालून जीप घेऊन बेंबळीला गेला. दोन रात्री तळमळला असेल, मग त्यानं शिडी लावून फ्लेक्सवर पांढरा कागद चिकटवला आणि वर हातानं लिहिलं, ‘साडेतीनशे’. चौकातली मंडळी ऐकणार थोडीच? मधले शंभर घोडे कुणी पळवले म्हणून विचारून विचारून त्यांनी त्याचा जीव खाल्ला. पण कागद त्यानं काढला नाही, हे मला त्याचं आवडलं.

शर्यतीच्या दिवशी माळावर खूप गर्दी होती. दोन-दोन गाड्या शेजारी लावून सोडत होते. जी हरेल ती बाहेर. आम्ही पहिल्या धावेला जिंकलो, दुसऱ्या धावेला जिंकलो. तिसऱ्या वेळी समोरची गाडी मध्येच धूर सोडून बाजूला झाली. शेवटच्या धावेला लातूरची एक गाडी उरली, आणि ती आमच्याहून तेज आहे हे सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा रणधीरचा एक मित्र पक्कड घेऊन आला. तार तोड, हवा वाढव, एकाच धावेचा तर प्रश्न आहे, असं तो कानाशी लागून सांगू लागला. रणधीरनं पक्कड हातात घेतली. त्यानं बॉनेट उचललं. मिनाज पलीकडं उभी होती. ती त्याला अडवायला पुढं आली नाही. सांगायचं ते तिनं सांगून झालं होतं.

रणधीर शिशाच्या त्या गोळीकडं बघत राहिला. मग त्यानं बॉनेट खाली टाकलं आणि पक्कड मित्राला परत दिली.

आम्ही हरलो, मित्रांनो. खोटं कशाला सांगू? जीपच्या लांबीएवढ्या अंतरानं हरलो. मी माझ्याकडचं सगळं दिलं आणि तरीही प्रत्येक फेरीला क्षणभर मिटलो. रणधीरचे डोळे भरून आले होते. पण बक्षिसं वाटून झाल्यावर कितीतरी गाड्या दोरीला बांधून नेत होते, तेव्हा त्यानं चावी फिरवली आणि आमचं इंजिन एका झटक्यात सुरू झालं. मिनाज शेजारी बसली. ऊन उतरू लागलं होतं, आणि आम्ही आमच्या चाकांवर बेंबळीला निघालो.

चौकात फ्लेक्सखाली मुनवरभाई उभे होते. ते एसटीनं येऊन दुपारपासून तिथं थांबले होते. जीप थांबली, पण त्यांनी रणधीरला इंजिन बंद करू दिलं नाही. कितवा आलास हे विचारलं नाही. आधी वाकून सील बघितलं. मग डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकला. ऐकून झाल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला, उमरग्याच्या व्यापाऱ्याला लावला आणि मशीन द्यायची नाही, माझी मुलगी चालवणार आहे, एवढं सांगून फोन ठेवला. मिनाज तोंड फिरवून फ्लेक्सकडं बघत उभी राहिली. त्यावर वाचण्यासारखं फारसं काही नव्हतं.

पुढं सोयाबीन निघाल्यावर रणधीरनं मोठे इंजेक्टर मागवले. माझ्या जागी नवा आला. मला वाटलं, आता पुन्हा ताडपत्री. पण मिनाजनं मला पुसलं आणि मशीनच्या पहिल्या नळीवर कायमचं बसवलं. आता कुठूनही इंजेक्टर आला, तर तो माझ्या शेजारी लावून तपासतात. माझं माप ठाऊक आहे, म्हणून माझ्यावरून बाकीच्यांचं ठरतं. कुणी गिऱ्हाईक अजून थोडं वाढवा म्हणून गळ घालू लागलं, की मुनवरभाई माझ्याकडं बोट दाखवतात आणि आधी याला विचारा म्हणतात.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. ज्याच्याकडून काम घ्यायचं त्याला वेळेवर धुवा-पुसा, पडून गंजू देऊ नका, आणि ओझं लादण्याआधी त्याला किती झेपतं ते विचारा. मग ते यंत्र असो, बैल असो, नाहीतर तुमची आई असो. ज्यानं सगळं दिलं त्याला कमी पडला म्हणू नका. रोज सकाळी मिनाज शटर उचलते आणि पहिली वीज मला देते. माझं दार उघडतं, आणि मिटतं. ते मिटतं की नाही, हे ती आधी बघते.